आमच्या घरातली एकमेव मतदार सतरा वर्षांची आहे

परवा जेवताना सई म्हणाली, "आई, मला पार्टी बदलायला लागणारे." मला आधी वाटलं ग्रॅज्युएशन पार्टीबद्दल बोलतीये, हॉल बुक करून बसलोय आणि आता हिला दुसरा हवाय, म्हणून माझा आवाज जरा चढलाच. तर ती म्हणाली, "ती पार्टी नाही गं, पोलिटिकल पार्टी."

त्याचं असंय की आम्ही राहतो मेरीलँडमध्ये, रॉकव्हिलला, आणि इथे मतदार नोंदणीच्या फॉर्मवर चक्क पक्ष विचारतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा धक्काच बसला होता, आपल्याकडे मतदार यादीत नावापुढे पक्ष छापला असता तर गावागावात काय झालं असतं विचार करा. पण इथे प्रायमरी असते, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायची निवडणूक, आणि मेरीलँडात त्यात फक्त त्या त्या पक्षात नाव लावलेल्यांनाच मत देता येतं. सईने १६ पूर्ण झाल्यावर नोंदणी केली (इथे १६ ला नाव नोंदवता येतं, मत १८ लाच) आणि तेव्हा स्वाभिमानाने "कुठलाच पक्ष नाही" यावर टिक केली. आता सिनियर (म्हणजे इथली बारावी) झाल्यावर वर्गात कोणीतरी सांगितलं की नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत जे १८ चे होणारेत त्यांना त्याआधीच्या प्रायमरीत १७ व्या वर्षीच मत देता येतं. हिचा वाढदिवस ऑगस्टमध्ये, प्रायमरी जूनच्या शेवटी. म्हणजे देता येईल. फक्त पक्ष लावला तर. आणि तो प्रायमरीच्या २१ दिवस आधीपर्यंतच बदलता येतो. वर्गातल्या निम्म्या पोरांची अशीच टिक चुकलीये म्हणे.

तर सध्या आमच्या घरात हा विषय पेटलाय. आणि गंमत अशी की ज्या घरात तो पेटलाय त्या घरात बाकी कोणालाच मत नाही. मी आणि नवरा २००६ ला इकडे आलो, व्हिसावर व्हिसा, अजून ग्रीन कार्डच्या रांगेतच आहोत, सिटिझनशिप तर लांबची गोष्ट. भारतात आमचं मत आहे, पण एनआरआयला प्रत्यक्ष तिथे जाऊन बूथवरच द्यावं लागतं, २०२४ ला सांगलीत ७ मेला मतदान होतं आणि मे महिन्याची तिकिटं बघून नवऱ्याने लॅपटॉप हळूच बंद केला होता. म्हणजे तिथे आहे पण देता येत नाही, इथे राहतो पण नाहीच. चौघांच्या घरात (धाकटा अजून सातवीत) मतदार एकच, ती पण १७ वर्षांची, जिचा ओला टॉवेल आत्ता या क्षणी बेडवर पडलेला आहे.

हा टॉवेल महत्त्वाचाय. सांगते का ते.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या रॉकव्हिल शहराची निवडणूक होती. पोस्टाने मतपत्रिका येतात, अर्थातच आमच्या घरी आली नाही. शेजारच्या आजी आहेत, अमेरिकनच, फार गोड, त्या संध्याकाळी कधीतरी चहाला बोलावतात (टी बॅग, दूध वेगळं, असो). त्या दिवशी टेबलावर मतपत्रिका उघडून बसलेल्या. मेयर, कौन्सिल वगैरे आणि सोबत शहराने लोकांचं मत अजमावायला काही प्रश्न टाकलेले, नुसते सल्ल्यापुरते, बंधनकारक नाहीत. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, शहराच्या निवडणुकीत मतदानाचं वय १८ वरून १६ करावं का? आणि मला विचारलं, तुझ्या घरी आहे ना त्या वयाची, तुला काय वाटतं?

मी म्हटलं, छे हो! स्वतःचा टॉवेल उचलत नाही ती. आणि मग मी सुरूच झाले, की यांना काय कळतंय, दिवसभर फोनमध्ये असतात, कोणीतरी काहीतरी सांगितलं की खरं मानतात, अजून कशाची जबाबदारी अंगावर पडलेली नाही, थोडं जग बघू देत मग द्या की. आजी मान डोलावत होत्या. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचायला घेतला आणि अर्ध्यावर थांबल्या. पुढचा प्रश्न होता, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मत द्यावं का.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी बिस्किट उचललं. दोघी पण काही बोललो नाही. नंतर त्या म्हणाल्या, अजून बरेच दिवस आहेत पाठवायला, आणि कागद पाकिटात घातला.

घरी येताना, म्हणजे वीस पावलं, मला सारखं वाटत होतं की मी आत्ता जे जे सईबद्दल बोलले ते सगळं कोणीतरी कुठल्यातरी टेबलावर बसून माझ्याबद्दल बोलत असेल. यांना इथलं काय कळतंय. थोडी वर्षं राहू देत मग बघू. निकाल आला तेव्हा दोन्ही प्रश्नांना लोकांनी मोठ्या फरकाने "नाही" म्हटलं होतं. एकाच कागदावर मायलेकी दोघींना नको म्हटलं! सई तेव्हा १५ ची, तिने निकाल बघून मला हाय फाइव्ह दिला.

आणि हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या टाकोमा पार्कात वेगळंय. ते एक छोटं गाव आहे वॉशिंग्टनला खेटून, जरा बंडखोरच पहिल्यापासून. तिथे १९९२ पासून नागरिक नसलेले लोक गावाच्या निवडणुकीत मत देतात, आणि २०१३ मध्ये त्यांनी वय १६ केलं, अख्ख्या अमेरिकेत पहिलं गाव. दोन वर्षांनी जवळच्याच हायट्सव्हिलने केलं. म्हणजे आम्ही घर तिकडे घेतलं असतं तर मी, नवरा आणि सई, तिघंही गेली दोन वर्षं मतदार असतो. गव्हर्नरसाठी नाही, प्रेसिडेंटसाठी नाही, पण आपल्या गल्लीतला रस्ता आणि लायब्ररी आणि बाग यासाठी तरी. नवरा म्हणतो तिकडच्या घरांच्या किमती बघितल्यास का. बघितल्या. मताचा भाव जरा जास्तच आहे.

टाकोमा पार्कात पहिल्या वेळी नोंदणी केलेल्या पोरांपैकी मत द्यायला आलेल्यांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. हे वय कमी करा म्हणणारे नेहमी सांगतात, पण त्यात एक मेख आहे, नोंदणी केलेलीच पोरं मुळात थोडी आणि हौशी, आणि मोठ्यांची टक्केवारी तिथे तेव्हा अगदीच लाजिरवाणी होती. तरीपण.

आता जरा आमच्या घरचा इतिहास. १९८९ ला माझा दादा १९ चा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये ६१ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, राजीव गांधींच्या सरकारने आणलं ते (आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत तेच सरकार गेलं, पोरांना मत दिलं म्हणून पोरं आपल्यालाच मत देतील असं काही नसतं). मी तेव्हा दहा वर्षांची. आमचे आबा, म्हणजे आजोबा, यांना हे अजिबात पटलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी पोराला म्हशीची धार धड काढता येत नाही आणि हा देश चालवणार? म्हणजे आबांची म्हैस आणि माझा टॉवेल, मुद्दा तोच. पण मत मिळालंच आहे तर वाया जायला नको म्हणून आबा आदल्या दिवसापासून दादाच्या मागे. "शिक्का कुठं मारायचा ठाऊक हाय न्हवं?" जेवताना तेच, झोपताना तेच, शाळेतल्या बूथकडे चालत जाताना पण तेच. मी पण मागून गेले होते, बोटाची शाई बघायला.

दादा बाहेर आला तसं आबांनी विचारलं, "मारलास?" दादा म्हणाला, "आबा, मतदान गुप्त असतं." आबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. ताटावरून उठून गेले एकदा. खरी गोष्ट मात्र वेगळीच होती आणि ती दादाने मला कितीतरी वर्षांनी सांगितली. तेव्हा कागदाची मतपत्रिका, रबरी शिक्का मारायचा आणि घडी घालून पेटीत टाकायची. याने गडबडीत ओली शाई असतानाच चुकीची घडी घातली आणि पेटीत टाकताना त्याच्या लक्षात आलं की शिक्का समोरच्या दुसऱ्या चिन्हावर पण उमटला असणार. आपलं पहिलं मत बाद झालं या धसक्याने तो महिनाभर गप्प होता, आबांना वाटलं पोरगं भाव खातंय. तो शिक्का बाणांच्या फुलीचा का असतो ते त्याला पुढे इलेक्शन ड्युटी लागली तेव्हा कळलं. घडीमुळे उमटलेला शिक्का उलटा दिसतो, त्यामुळे खरा कुठला आणि डाग कुठला हे मोजणाऱ्याला समजतं. म्हणजे बहुतेक मोजलं गेलं असणार. पन्नाशी उलटलेला माणूस अजून "बहुतेक" म्हणतो.

तर मुद्दा हा की "पोरं आईबापाचं ऐकून मत देतील" हे जे सगळीकडे म्हणतात ते आबांच्या घरात पण झालं नाही. आणि आमच्या इथल्या घरात तर गाडी उलटीच आहे, इथली सिस्टीम आम्हाला सईने शिकवलीये. काउंटी म्हणजे काय, स्कूल बोर्ड काय करतं, प्रॉपर्टी टॅक्स कुठे जातो. इथे माँटगोमेरी काउंटीत (म्हणजे आमच्या जिल्ह्यात) सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डावर एक विद्यार्थी सदस्य असतो, त्याला शाळेतली पोरंच निवडतात, सहावीपासूनची, आणि त्याला बोर्डात मत पण असतं, नुसता शोभेचा नाही. म्हणजे सई सहावीपासून कोणाला ना कोणाला मत देतीये. माझं शेवटचं मत कधी दिलं ते मला आठवायला लागतं.

बरं, आणि २०२४ चा नोव्हेंबर. प्रेसिडेंटची निवडणूक. सई १६ ची, मत नाही, पण मेरीलँडात १६ पूर्ण झाले की "इलेक्शन जज" होता येतं. जज म्हणजे न्यायाधीश नाही, आपल्याकडे शाळेतल्या मास्तर-बाईंना ड्युटी लागते तेच काम. हिने आधी मिडल स्कूलमध्ये असताना काउंटीचा एक प्रोग्रॅम केला होता, बूथवर उभं राहून लोकांना स्टिकर वाटायचे, त्याचे तास मिळतात (इथे बारावी पास व्हायला ७५ तास समाजसेवा कम्पल्सरी आहे, तेवढ्यासाठीच सुरुवात, उगाच देशप्रेम वगैरे समजू नका). या वेळी मात्र ट्रेनिंग घेऊन रीतसर टेबलावर. सकाळी सहाला तिला एका शाळेच्या जिमपाशी सोडलं, अंधार होता, हातात डबा, पोळीभाजीचा रोल आणि दोन केळी. रात्री साडेनऊला आणायला गेले तर गाडीत बसल्या बसल्या बूट काढले आणि पाय डॅशबोर्डवर.

काय केलंस दिवसभर विचारलं तर म्हणाली, लोकांना नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्माचा महिना आणि तारीख विचारली, टॅबलेटवर शोधलं, कागद दिला. एका तरुण माणसाला उमेदवाराच्या नावापुढचा ओव्हल पूर्ण काळा करा, नुसती फुली नको, हे तीन वेळा सांगितलं. एक बाई कागद स्कॅनरमध्ये घालायच्या ऐवजी पर्समध्ये घालून निघाल्या होत्या, त्यांच्या मागे पळाली. आणि एक काका आले, भारतीय, सत्तरीचे असतील, नवीन नवीन सिटिझन झालेले, आयुष्यातलं इथलं पहिलं मत, हात थरथरत होते, त्यांनी हिच्याकडे बघून हळूच हिंदीत विचारलं, बेटा, गलत हो गया तो? हिने सांगितलं, चुकलं तर दुसरा कागद मिळतो, घाबरू नका. हिचं हिंदी म्हणजे आनंदच आहे पण काकांना कळलं. मत दिल्यावर ते परत टेबलापाशी आले आणि म्हणाले, तूने दिया? हिने सांगितलं, मी १६ ची आहे काका, मला नाहीये. ते हसायलाच लागले म्हणे. तू मुझे सिखा रही है और तुझे नहीं है?

हे मला इतक्या दिवसांनी पण डोक्यातून जात नाही. मतदान केंद्र चालवायची अक्कल आहे, मतदाराची ओळख पटवायची जबाबदारी आहे, सोळा तास बसायची ताकद आहे, फक्त तो एक ओव्हल काळा करायची अक्कल दोन वर्षांनी येणार.

पण मी पूर्ण तिच्या बाजूने आहे असं समजू नका. गेल्या उन्हाळ्यात तिने बबल टीच्या दुकानात काम केलं, पहिला पगार आला, त्यातून टॅक्स कापलेला बघून बाईसाहेब जाम चिडल्या. जेवणाच्या टेबलावर भाषण, की मी टॅक्स भरते आणि मला मत नाही, हा देशच या मुद्द्यावर झाला, बोस्टनमध्ये चहा यासाठीच फेकला होता. नवरा शांतपणे आमटी ओरपत होता. तो म्हणाला, "बरोबर आहे. मी किती वर्षं भरतोय?" ती एकदम गप्प. मग म्हणाली, "बाबा, ते वेगळं आहे." "कसं वेगळं?" ती विचार करायला लागली, आणि खरंच बराच वेळ करत होती, भात गार झाला तिचा. त्या रात्री उशिरा तिने मला मेसेज टाकला, शेजारच्याच खोलीतून, "टॅक्सचा मुद्दा मी माझ्या निबंधातून काढतीये. तो तुमचा आहे." गव्हर्नमेंटच्या (म्हणजे नागरिकशास्त्राच्या) क्लासला यावरच निबंध होता तिचा, वय १६ करावं का. आमच्यामुळे एक मुद्दा कमी झाला बिचारीचा.

त्या निबंधासाठी तिने जे जे वाचलं ते आम्हाला रोज ऐकावं लागलं, त्यातलं मला आवडलं ते १९७१ चं. अमेरिकेत पण आधी २१ च होतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ला सैन्यात भरतीचं वय १८ वर आणलं तेव्हापासून लोक म्हणत होते की बंदूक धरायला चालतो तर मत द्यायला का नाही. वेस्ट व्हर्जिनियाचे खासदार जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी त्याच वर्षी पहिल्यांदा घटनादुरुस्ती मांडली आणि मग परत परत मांडत राहिले, ११ वेळा म्हणे. कोणी ऐकलं नाही. मग व्हिएतनाम आलं, पोरं मरायला लागली, तेव्हा कुठे १९७० मध्ये काँग्रेसने (पक्ष नव्हे, इथली संसद) कायदा केला. आणि मग सुप्रीम कोर्टाने डिसेंबरमध्ये निकाल दिला की देशाच्या निवडणुकीला १८ चालेल पण राज्याच्या निवडणुकीचं वय तुम्ही ठरवायचं नाही. झालं! म्हणजे बहुतेक राज्यांत दोन याद्या, दोन मतपत्रिका, एकाच रांगेत उभ्या असलेल्या पोराला अर्धा कागद द्यायचा आणि अर्धा नाही. या कारकुनी डोकेदुखीला राज्यं इतकी घाबरली की मार्च १९७१ मध्ये काँग्रेसने मंजूर केलेली २६ वी दुरुस्ती १ जुलैला पास होऊन मोकळी, १०० दिवसांत. तीस वर्षं जे तत्त्वाने झालं नाही ते रजिस्टरच्या भीतीने झालं. ज्याने कधी सरकारी ऑफिसात काम केलंय त्याला हे ऐकून बरं वाटेल.

आणि उलटं पण होतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या लोकांनी २०१६ मध्ये ठरवलं की स्कूल बोर्डासाठी १६ ला मत द्या. प्रत्यक्षात पोरांनी पहिलं मत दिलं २०२४ ला, शेजारच्या ओकलंडसोबत. आठ वर्षं! याद्या, सिस्टीम, कोण पैसे देणार, यात गेली. ज्या सोळा वर्षांच्या पोरांनी त्यासाठी दारोदार फिरून प्रचार केला ती २४ ची झाली. सॅन फ्रान्सिस्कोत दोनदा टाकलं लोकांपुढे, २०१६ आणि २०२०, दोन्ही वेळा थोडक्यात पडलं. देशपातळीवर तर विचारूच नका, २०१९ ला खासदार आयाना प्रेसली यांनी काँग्रेसमध्ये मांडलं तर १२६ विरुद्ध ३०५. तिकडे ऑस्ट्रियाने २००७ लाच केलं, स्कॉटलंडने २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात दिलं, आणि २०२५ च्या जुलैत ब्रिटन सरकारने जाहीर केलं की आम्ही सगळ्याच निवडणुकांना १६ करणार.

माझं स्वतःचं मत (घ्या, हे तरी मला आहे) आता असं झालंय की प्रेसिडेंटचं राहू दे, पण गावाच्या आणि शाळेच्या निवडणुकीला १६ ला द्यावं. कारण सिनियर पोरांचं वेळापत्रक बघा. सई ऑगस्टमध्ये १८ ची होणार आणि त्याच महिन्यात कॉलेजला जाणार. दुसऱ्या राज्यात मिळालं तर पहिली खरी मतपत्रिका पोस्टाने मागवायची, होस्टेलच्या खोलीत, ना गाव ओळखीचं, ना उमेदवार, शेजारी पिझ्झाचा खोका. बारा वर्षं ज्या शाळेत गेली तिथल्या बोर्डाबद्दल तिला सगळं माहितीये, कुठल्या बसचा रूट कापला, कुठल्या बाथरूमचं दार वर्षभर तुटलंय, आणि मत मिळतं ते नेमकं तिथून निघून जाताना. सोळाव्या वर्षी आईच्या शेजारी उभं राहून पहिलं मत दिलं असतं तर... हां, म्हणजे आई बाहेर गाडीत बसली असती. तरी.

आणि एकदा आकडे मांडून बघितले आम्ही, पोरीला इथे काय कधी मिळतं. पंधरा वर्षं नऊ महिन्याला शिकाऊ लायसन्स, साडेसोळाला एकट्याने चालवायचं प्रोव्हिजनल लायसन्स, सतराला प्रायमरी, अठराला मत, एकविसाला बिअर. आणि एकविसालाच ती आम्हाला ग्रीन कार्डसाठी स्पॉन्सर करू शकते. नवरा म्हणतो आपली रांग त्याआधी संपली नाही तर तिचा टॉवेल आपणच उचलत राहायचा, वाकडं घ्यायचं नाही.

तर परवा रात्री पक्ष बदलायचा फॉर्म. सई लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलावर, नवरा उगाच पाणी प्यायला तिसऱ्यांदा किचनमध्ये, मी ओटा पुसतीये जो आधीच पुसलेला होता. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, मग, कुठला? ती स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाली, "ठरतंय." मग मी जरा सांगितलं, म्हणजे फार नाही, हेल्थकेअर आणि व्हिसा आणि शाळांमधल्या गोळीबाराबद्दल जे वाटतं ते, दहा मिनिटं असेल. नवरा म्हणाला वीस. तिने ऐकून घेतलं, क्लिक केलं आणि लॅपटॉप बंद केला.

मी म्हटलं, "केलंस?"

"हो."

"कुठला?"

"आई, दादामामाने काय सांगितलं होतं आबांना?"

मी दादाला फोन लावला, तिकडे सकाळ होती, तो आंघोळीला निघालेला. सगळं सांगितलं. म्हटलं अरे पण पक्षाची नोंदणी गुप्त नसते इथे, मत गुप्त असतं, हे हिला माहितीये आणि तरी सांगत नाहीये. तो एवढा हसला की वहिनी काय झालं म्हणून बघायला आली. म्हणाला, "आता तू पण दोन दिवस बोलू नकोस तिच्याशी. आबांची नात शोभशील."

नाही जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच टॉवेलवरून बोलावं लागलं.